टॉसला कोण जाणार?

मंडळी, पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण यंदाच्या मॅचेसचा बॅनर छापायला टाकायच्या आधी एकदा वाचा.

भात झोडून घरात आलं की आपल्याकडे बॅनर लागायला सुरुवात होते. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला. तिच्या महिनाभर आधीपासून ते थेट होळीपर्यंत मुरबाड-शहापूरच्या कुठल्या ना कुठल्या मोकळ्या शेतात रोलर फिरत असतो, मंडप उभा असतो आणि कॉमेंट्रीवाला माइकवर 'हॅलो हॅलो' करत असतो. प्रवेश फी, रंगीत टी-शर्ट, यूट्यूबवर लाइव्ह, मॅन ऑफ द सिरीजला सायकल, मोठी स्पर्धा असेल तर बाइक. माझी या सगळ्याबद्दल काही तक्रार नाही. मी स्वतः बरीच वर्षं या मॅचेसना स्कोअर लिहायला बसतो. दोन वडापाव आणि सावलीतली खुर्ची मिळाली की खूश.

पण स्कोअररच्या खुर्चीतून एक गोष्ट फार स्वच्छ दिसते. फिल्डिंग लावणारा एक असतो आणि टॉसला जाणारा दुसराच असतो.

कितीतरी टीममध्ये बघितलंय. वाडीवरचा एखादा ठाकूर नाहीतर कातकरी पोरगा, चप्पल काढून अनवाणी धावत येणारा, चार ओव्हरमध्ये समोरच्यांची वाट लावतो. कोणाला मिडविकेटला उभं करायचं, कोणाची ओव्हर राखून ठेवायची, हे त्यालाच विचारतात. अडचण आली की सगळे त्याच्याकडे बघतात. पण माझ्या वहीत कॅप्टन म्हणून नाव लिहायचं ते टी-शर्टचे पैसे देणाऱ्याच्या पोराचं, नाहीतर पुतण्याचं. कप घेताना फोटो होतो तेव्हा हा वाडीवरचा पोरगा कडेला असतो, अर्धा फ्रेमच्या बाहेर. मागे एका स्पर्धेत (गावाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) मी सहज विचारलं, अरे, यालाच का नाही करत कॅप्टन? उत्तर आलं, "काका, तो खेळतोय ना? अजून काय पाहिजे?"

हेच वाक्य शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या जिमखान्यांत बोललं जात होतं, जरा चांगल्या इंग्रजीत. म्हणून आज पालवणकर बंधूंबद्दल लिहायचंय.

बाळू पालवणकर हे नाव थोड्यांनी ऐकलं असेल. विठ्ठल पालवणकर हे त्याहून थोड्यांनी. चर्मकार समाजातलं घर, वडील लष्कराच्या नोकरीत. बाळू, शिवराम, विठ्ठल, गणपत, चौघे भाऊ आणि चौघेही वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळले. थोरले बाळू लहान वयात पुण्यात पारशांच्या एका क्लबात कामाला लागले, खेळपट्टी झाडायची आणि रोलर ओढायचा. पगार महिना तीन रुपये. तिथून १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. तिथे नेटमध्ये गोऱ्या साहेबांना बॉलिंग टाकायची. ग्रेग नावाचा एक फलंदाज अधिकारी होता, तो म्हणे आपल्याला आउट केलं की बाळूंना आठ आणे द्यायचा. महिन्याला चार रुपये पगार असलेल्या माणसाला एका विकेटचे आठ आणे! त्यातून जो डावखुरा फिरकीपटू तयार झाला, तशा तोडीचा त्या काळी देशात दुसरा नव्हता.

मग पुण्याच्या हिंदू क्रिकेटवाल्यांपुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवायचं तर हा माणूस पाहिजे, आणि हा तर अस्पृश्य. त्यांनी जो तोडगा काढला तो आपल्या लोकांच्या हुशारीचा नमुना आहे. मैदानावर बॉलला सगळ्यांनी हात लावायचा, त्याला विटाळ नाही. पण चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून पिणार आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात चहा. जेवणही वेगळं.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांच्या संघाला १०९ धावांनी हरवलं. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. त्या काळात या विजयाचं केवढं अप्रूप असेल याचा विचार करा, वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते ते. १९०७ पासून पारशी, युरोपियन आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ ला मुसलमानांचा संघ आला आणि चौरंगी झाली. आयपीएलच्या आधी आयपीएल म्हणा हवं तर. फरक एवढाच की टीम शहराची नाही, धर्माची.

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. बाळूंचं वय पस्तिशीचं, खांदा दुखत होता, तरी दौऱ्यावर त्यांनी ११४ बळी घेतले. आता कॅप्टन कोण होता ते ऐका. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय वर्षं १९. त्यातले बरेचसे सामने महाराज खेळलेसुद्धा नाहीत, त्यांना इंग्लंडात दुसरीही कामं होती. टी-शर्टचे पैसे देणाऱ्याचं पोरगं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको.

परत आल्यावर मुंबईत बाळूंचे सत्कार झाले. पण दरवर्षी हिंदू संघाचा कॅप्टन नेमायची वेळ आली की बाळूंचं नाव मागे. त्यांच्या बाजूने लोक बोलत होते, मागणी होत होती, निवड समिती मात्र ढिम्म. १९१३ ला एम. डी. पै कॅप्टन झाले. पै हा सरळ माणूस असावा. सत्काराला उत्तर देताना त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हा मान माझ्याआधी बाळूला मिळायला हवा होता. टाळ्या पडल्या असतील. पुढच्या वर्षी परत तेच.

इथे थोडं बाहेरचं सांगतो, कारण 'जगात सगळीकडे असंच असतं' असं म्हणणारे बरेच भेटतात. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा खेळ आहे. लाकडी काठी, चेंडू, पंधरा-पंधराचे संघ, आणि खेळ इतका वेगवान की आपली हुतूतूची पोरं बघत बसतील. १८८४ साली थर्ल्स गावात त्यांनी देशी खेळांची संघटना काढली, तीही इंग्रजांच्या राज्यातच. आणि इंग्रजी खेळांवर असा राग की पुढे कितीतरी वर्षं, थेट १९७१ पर्यंत, क्रिकेट खेळणाऱ्या सभासदाला संघटनेतून काढून टाकायचे, नुसतं बघायला गेला तरी. हे जरा अतीच, मला विचाराल तर. पण त्यांच्या एका रिवाजाचं मला कौतुक वाटतं. जिल्ह्याच्या संघाचा कॅप्टन कोण, हे जिल्ह्यात जिंकलेल्या गावच्या क्लबाने सांगायचं. त्यामुळे किलकेनी जिल्ह्याने १९०४ ते १९१३ मध्ये देशाचा कप सात वेळा जिंकला, त्यात १९०७, १९०९ आणि १९१३ ला कॅप्टन होता मूनकॉइन गावचा डिक वॉल्श. महाराजा नाही, जमीनदाराचा पोरगा नाही. त्याच्या गावाने कप जिंकला, कॅप्टन गावाचा. १९०७ ते १९१३ ही वर्षं बघा आणि मग बाळूंची तीच वर्षं बघा.

आता विठ्ठलांकडे येतो, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

बाळू गोलंदाज, विठ्ठल फलंदाज. बाळू सोसणारे, विठ्ठल पुढच्या पिढीतले. १९२० साली चौरंगी स्पर्धेच्या वेळी निवड समितीने बाळूंना संघातून वगळलं. वय झालं होतं, ते समजू शकतो. कॅप्टन पै आजारी पडले. मग कॅप्टन कोण? सगळ्यांचं लक्ष विठ्ठलांकडे. समितीने नाव जाहीर केलं दि. ब. देवधरांचं. देवधर मोठे खेळाडू, पुण्याचे प्राध्यापक, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं कारण नाही. पण विठ्ठल त्यांच्याहून अनुभवी होते आणि का डावलले गेले हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघांनी संघ सोडला. रुसून घरी बसले नाहीत, कारण लेखी जाहीर केलं. आम्हाला जातीमुळे डावललं जातंय, अशा संघात आम्ही खेळणार नाही. लक्षात घ्या, १९२० साल आहे. मुंबईसारख्या ठिकाणी हजारो लोक ही स्पर्धा बघायला येतात, पेपरात रकानेच्या रकाने येतात, आणि चर्मकाराच्या घरातली दोन माणसं लिहून देतात की तुमचा संघ तुम्हाला लखलाभ.

मग काय, धावपळ झाली. पै बरे होऊन परत आले, कॅप्टनपदाचा प्रश्न मिटवला गेला, वगळलेल्या बाळूंना परत घेतलं आणि व्हाइस कॅप्टन केलं. भाऊही खेळले. सामन्यात पै मुद्दाम थोडा वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते बाळू हिंदूंचे कॅप्टन झाले. चौदा-पंधरा वर्षं वाट बघितली त्याचं हे फळ, काही काळापुरतं, तेही एका चांगल्या माणसाने बाजूला सरकून दिलं म्हणून. मला ही गोष्ट वाचताना पैंबद्दल आदर वाटतो आणि रागही येतो. राग पैंचा नाही. एवढ्या मोठ्या गोलंदाजाला कॅप्टनपद असं मागच्या दाराने चाखायला द्यावं लागलं, याचा.

तीन वर्षांनी, १९२३ ला, विठ्ठल रीतसर कॅप्टन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा. ठराव कागदावर राहिला म्हणून तर १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. तर असं ते वर्ष. तळ्यावर पाणी पिता येत नाही, देवळाच्या पायरीवर उभं राहता येत नाही, आणि 'हिंदू' नावाच्या संघाचा कॅप्टन मात्र पालवणकर. त्यांनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं. लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेऊन मिरवलं. १९२३ ते १९२६ या चार वर्षांत हिंदूंनी तीनदा स्पर्धा जिंकली, फक्त १९२४ ला मुसलमानांचा संघ जिंकला. त्यांच्या हाताखाली सी. के. नायडू खेळले, जे १९३२ ला भारताचे पहिले कसोटी कॅप्टन झाले. म्हणजे नायडूंनाही कोणाची तरी फिल्डिंगची खूण बघून जागा बदलावी लागत होती, आणि ती खूण करणारा हात पालवणकरांचा होता.

आता माझा मुद्दा. बाळू सोसत राहिले आणि त्यांना व्हाइस कॅप्टनपद मिळालं. विठ्ठलांनी बॅट खाली ठेवली आणि तीन वर्षांत कॅप्टनपद मिळालं. दोघांपैकी मोठा खेळाडू कोण असं विचारलं तर मी डोळे झाकून बाळूंचं नाव घेईन. तेव्हा कॅप्टनपदाचा निकाल खेळावर लागला असं मला कोणी सांगू नये. आणि हेही खरं की बाळूंनी आधी पंचवीस-तीस वर्षं घाम गाळला नसता तर विठ्ठलांच्या नकाराला किंमत आली नसती. ज्याची गरज आहे त्याच्याच नकाराला वजन असतं.

बाळू पुढे राजकारणातही आले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते वाटाघाटीत होते, करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना उभं केलं ते थेट डॉ. बाबासाहेबांविरुद्ध. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. यावरून आजही काही लोक बाळूंना नावं ठेवतात. मला वाटतं ज्यांनी हा माणूस तिथे उभा केला त्यांना आधी विचारा, की क्रिकेटच्या संघाचं नेतृत्व द्यायची वेळ होती तेव्हा तुम्ही कुठे होता? १९५५ ला बाळू गेले, १९७१ ला विठ्ठल. विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलंय. नंतर २००२ साली रामचंद्र गुहांनी इंग्रजीत 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' लिहिलं, तेव्हा कुठे देशाला हे भाऊ परत आठवले. रणजीच्या नावाने करंडक आहे, दुलीपच्या नावाने आहे, देवधरांच्या नावानेही आहे. पालवणकरांच्या नावाने बोर्डाचा तसा एकही मोठा करंडक नाही.

मला माहीत आहे आता कमेंटमध्ये काय येणार. "काका, खेळात जात आणू नका." बाबांनो, मी आणतोय? मागच्या सीझनचे बॅनर काढून बघा. 'फक्त अमुक समाज बांधवांसाठी.' प्रत्येक समाजाचा वेगळा चषक, वेगळी लीग, आधार कार्ड आणि जातीचा दाखला बघून एंट्री. चौरंगीची पुढे पंचरंगी झालेल्या त्या स्पर्धेवर गांधीजींनी १९४० ला नापसंती दाखवली आणि १९४६ नंतर ती बंदच पडली. आपण तिच्या दहा आवृत्त्या काढल्यात. तरी मी या स्पर्धा बंद करा म्हणत नाही. त्यानिमित्ताने मुंबई-ठाण्याला गेलेली पोरं गावाला येतात, रक्तदान होतं, आजारी माणसाला मदत गोळा होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण निदान गावाच्या नावाची जी टीम आहे, तिच्यात तरी वाडी गावातच मोजा.

दुसरी कमेंट येईल, "पैसे तो देतो, मग कॅप्टन तोच." ठीक आहे. बॅनरवर त्याचा फोटो लावा, मोठा लावा. बक्षीस त्याच्या हस्ते द्या, भाषण करू द्या, शाल द्या, नारळ द्या. पण कॅप्टनपद हे मैदानातलं काम आहे, मंडपातलं नाही.

तिसरी गोष्ट कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहितो. आपला सीझन ज्या महिन्यांत असतो, त्याच महिन्यांत कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणकडे, पोरांसकट. दिवाळीनंतर वाडी अर्धी रिकामी होते. एखादा चांगला बॉलर भट्टीवरून रविवारपुरता येतो, कोणाच्या तरी बाइकवर मागे बसून. कधी कधी टीमवाले मुकादमाला फोन करून त्याला मागून आणतात. खेळतो आणि रात्रीच परत, सकाळी भट्टीवर विटा पाडायला. त्याला कॅप्टन केलं तर तो प्रॅक्टिसला कसा येणार, हा प्रश्न मला विचारला गेलाय आणि प्रश्न खोटा नाही. पण ज्याला एका मॅचसाठी भट्टीवरून आणता, त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो, तो भरून द्यायची चर्चा एकाही मंडळाच्या मीटिंगमध्ये मी ऐकलेली नाही. ट्रॉफी केवढी उंच हवी यावर मात्र तासभर वाद होतो.

२ जानेवारीला आपण सिद्धगडावर जातो. १९४३ साली त्या दिवशी तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. भाई म्हणजे माथेरानच्या नाभिक घरातला वकील, आणि आझाद दस्त्याचा म्होरक्या तोच. हे आपण दरवर्षी भाषणात छाती फुगवून सांगतो. त्यानंतर पंधरा दिवसांत मॅचेस असतात आणि तिथे कॅप्टन ठरवताना पहिला प्रश्न असतो, कोणाचा पोरगा?

तर मंडळांना माझं सांगणं एवढंच. यंदा खेळाडूंना बसवा, बॅनर छापायच्या आधी. अकरा जण आणि राखीव दोन-तीन, चिठ्ठ्या टाकून कॅप्टन ठरवू द्या. स्पॉन्सर त्या वेळी बाहेर चहा पिऊ दे. निघालं त्याच्याच पोराचं नाव तरी हरकत नाही, माझ्या वहीत आनंदाने लिहीन. आणि वाडीवरच्या पोरांनो, तुमच्यातले दोघे-चौघे तरी हे वाचत असतील. तुम्हाला फोन येईल, "रविवारी ये रे, मॅच आहे." तेव्हा एकदा विचारून बघा, "टॉसला कोण जाणार?" विचारायला पैसे पडत नाहीत.

विठ्ठल पालवणकरांचं ते 'माझे क्रीडा-जीवन' कोणाकडे, कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत किंवा मुरबाड-कल्याणकडच्या एखाद्या जुन्या वाचनालयात असेल, तर कळवा. झेरॉक्सचा खर्च मी करतो. यंदा मॅचच्या मधल्या ब्रेकमध्ये माइकवरून त्यातली दोन-दोन पानं वाचायचा विचार आहे, कॉमेंट्रीवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय.